चिपविद्येतील उमेदवारीचा इतिहास



आमच्यासारख्या माणसाने या व्यासपीठावरून चिपविद्येच्या इतिहासावर बोलावे याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटेल, आणि ते रास्तच आहे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. त्यानंतरची आमची विद्यापीठे म्हणजे लेथ मशीन, युनियनची कचेरी आणि नगरवाचनालय. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सवर अधिकारवाणीने बोलण्याचा आव आम्ही आणणार नाही. परंतु एक विषय आमच्या अधिकारातला आहे, तो म्हणजे उमेदवारी. नवा माणूस एखाद्या कारागिरीच्या दारात कसा उभा राहतो, त्याला आत कोण घेतो आणि कोण अडवतो, आत गेल्यावर त्याच्या श्रमाचे काय होते, हे आम्ही तीस वर्षे जवळून पाहत आलो आहोत. आज सांगावयाचा इतिहास आम्ही त्याच बाजूने सांगणार आहोत.

हा विषय आमच्या डोक्यात शिरला तो एका प्रश्नामुळे. आमच्या युनियनचे एक जुने सभासद एका संध्याकाळी कचेरीत आले. त्यांची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सची अभियंता झालेली. तिला एका कंपनीत नोकरी मिळत होती आणि त्याच वेळी एका संस्थेतील चिपचे आराखडे करणाऱ्या संशोधन-गटात जागाही मिळत होती. मुलीचा ओढा गटाकडे होता. बाप आम्हांस विचारू लागले, "भाऊ, हे नक्की काय असतं? शाळा म्हणावी तर महिन्याला पैसे देतात. कारखाना म्हणावा तर परीक्षा घेतात. पाच वर्षं तिथं काढून पोरीच्या हाताला काय लागणार?" आम्हांस उत्तर देता आले नाही. "आठ दिवसांनी या," असे सांगून आम्ही त्यांची बोळवण केली आणि वाचनालयाची वाट धरली. आठ दिवसांचे पुढे आठ महिने झाले. तेव्हा जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी आमच्या स्वतःच्या उमेदवारीतली एक गोष्ट सांगू द्या. सतराव्या वर्षी आम्ही एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. तेथे एक वयस्क टर्नर होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. आटे पाडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. परंतु आट्याचे टूल ग्राइंडरवर घासावयाची वेळ आली की उस्ताद आमच्याकडे पाठ करून उभे राहत. कोन किती ठेवावयाचा, कड कशी मारावयाची, हे सारे त्या पाठीआड राहिले. उस्ताद दुष्ट नव्हते. आमचा डबा नसला तर आपल्यातली भाकरी काढून देत. पण पोरगा शिकला तर मालक उद्या आपल्याला घरी बसवील, ही भीती त्यांच्या पोटात होती. विद्या लपविण्यामागे पुष्कळदा असे पोटाचेच कारण असते. उस्ताद निवृत्त झाल्यावर तसा आटा त्या शॉपमध्ये पुन्हा कोणाला साधला नाही. ही पाठ आपण ध्यानात ठेवावी, कारण चिपविद्येच्या इतिहासात ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता चिप म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर विजेची असंख्य बटणे आणि त्यांना जोडणाऱ्या धातूच्या सूक्ष्म पट्ट्या बसविलेल्या असतात. तो तुकडा म्हणजे चिप. बटणाला ट्रान्झिस्टर म्हणतात. हे तुकडे एकेक करून घडवीत नाहीत. सिलिकॉनची एक मोठी गोल चकती घेतात, तिला वेफर म्हणतात. तिच्यावर थरावर थर चढवितात आणि प्रत्येक थराची नक्षी एका छापातून प्रकाशाने उमटवितात. या छापाला मास्क म्हणतात. कापडावर ठशांनी छपाई करणारा कारागीर जसा प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा ठेवतो आणि एक ठसा दुसऱ्यावर नेमका बसला नाही तर सबंध कापड वाया जाते, तसाच हा प्रकार आहे. छपाई संपली की चकती कापून तुकडे सुटे करतात. नक्षी आखणारे एक आणि छपाई करणारे दुसरे, अशी या धंद्याची दोन अंगे आहेत. आजचा आपला विषय मुख्यतः नक्षी आखणाऱ्यांचा आहे.

ही विद्या जन्मली ती कंपन्यांच्या घरी. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. १९५८ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी यांनी एकाच तुकड्यावर सबंध मंडल उतरविले, आणि पुढच्याच वर्षी फेअरचाइल्डमध्ये रॉबर्ट नॉइस यांनी ते छापण्यासारख्या रीतीने करण्याची युक्ती काढली. बेल प्रयोगशाळा टेलिफोन कंपनीची होती, बाकीच्या दोन कंपन्याच होत्या. या यादीत विद्यापीठाचे नाव नाही. चिप कशी करावयाची, दोन पट्ट्यांत अंतर किती सोडावयाचे, कोणता थर किती जाड ठेवावयाचा, हे प्रत्येक कंपनीचे स्वतःचे गुपित होते आणि ते फाटकाच्या आत राहत होते. १९७१ साली इंटेलने जी ४००४ नावाची चिप काढली तिच्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. तिची नक्षी हाताने काढून मग पारदर्शक प्लास्टिकवरच्या तांबड्या पापुद्र्यातून सुरीने कापलेली होती. हे काम शिकावयाचे तर कंपनीत नोकरीच धरावी लागे. महाविद्यालयात सूत्रे शिकवीत. नक्षी शिकवीत नसत. म्हणजे पुन्हा उस्तादांची पाठच आली.

ही पाठ कोणी फिरविली? एका माणसाने नव्हे आणि एका वर्षातही नव्हे. परंतु पहिले नाव घ्यावयाचे तर ते बर्कलीच्या डोनाल्ड पीडरसन यांचे घ्यावे लागेल. बर्कली हे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचे विद्यापीठाचे गाव. पीडरसन तेथे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. चिप ही पुस्तकातून शिकण्याची वस्तू नाही, ती हातून घडली पाहिजे, असे त्यांचे मत होते. १९६० साली त्यांनी काही सहकारी प्राध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांना बरोबर घेऊन विद्यापीठातच चिप करण्याची कार्यशाळा आखावयास घेतली, आणि १९६२ मध्ये ती चालू झाली. कंपन्यांनाच जे जेमतेम जमत होते ते विद्यार्थ्यांच्या हातून करवून घेण्याचे हे धाडस होते. कार्यशाळा उभारण्यात विद्यार्थ्यांचे हात होते, हा मुद्दा आमच्या दृष्टीने मोठा आहे. आयते यंत्र चालवावयास शिकणारा आणि यंत्र उभे करताना शिकणारा यांत जो फरक असतो तो कोणताही फिटर आपल्याला सांगेल.

पीडरसन यांच्या परिसरात पुढे जे झाले ते याहून महत्त्वाचे ठरले. चिपची एक मोठी अडचण असते. लाकडी फळीवर सुटे भाग जोडून मंडल केले तर चुकलेला भाग काढून दुसरा लावता येतो. चिप एकदा छापली की तिच्या पोटात हात घालता येत नाही. ओतकामात साचा भरल्यावर जी गत तीच येथे. म्हणून छापण्यापूर्वीच ती कशी चालेल याचा हिशेब मांडावा लागतो, आणि तो इतका किचकट असतो की संगणकावाचून होत नाही. १९६९ ते १९७० च्या शैक्षणिक वर्षात बर्कलीला रोनाल्ड रोरर यांनी एक वर्ग घेतला. वर्गातल्या विद्यार्थ्यांनी मिळून असा हिशेब करणारा प्रोग्राम लिहावयाचा, हाच अभ्यासक्रम आणि हीच परीक्षा. त्या वर्गात लॉरेन्स नेगल नावाचे विद्यार्थी होते. त्या काळी असे बरेच प्रोग्राम संरक्षण खात्याच्या पैशांतून होत आणि त्यांत किरणोत्सर्गाच्या माऱ्याखाली मंडल कसे टिकेल याचा हिशेब घालावा लागे. या पोरांनी तो भाग मुद्दाम वगळला आणि वगळल्याची नोंद प्रोग्रामच्या लांबलचक नावातच करून टाकली. नावाची आद्याक्षरे जुळविली तर शब्द होई 'कॅन्सर'! विद्यार्थ्यांची थट्टा, दुसरे काय.

पुढे रोरर बर्कली सोडून गेले आणि नेगल यांचे मार्गदर्शन पीडरसन यांच्याकडे आले. पीडरसन यांनी एक अट घातली. जुन्या प्रोग्रामवर मालकीचे निर्बंध होते. ते उरणार नाहीत इतका तो नव्याने लिहून काढावा आणि सर्वांना खुला करावा, असा त्यांचा आग्रह होता. तसे झाले. नव्या प्रोग्रामचे नाव 'स्पाइस'. एप्रिल १९७३ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथल्या परिषदेत तो प्रथम मांडला गेला, १९७५ साली त्याची दुसरी आवृत्ती झाली. जो मागेल त्याला चुंबकीय फितीवर उतरवून नाममात्र खर्चात तो मिळे. घेणाऱ्याकडून अपेक्षा एवढीच की, त्यात चूक आढळली तर कळवा, सुधारणा केली तर परत आणून द्या. बर्कलीचे विद्यार्थी शिकून कंपन्यांत गेले आणि जाताना स्पाइस बरोबर घेऊन गेले. काही वर्षांत चिप करणाऱ्या साऱ्या जगाची ती रोजच्या वापराची वस्तू होऊन बसली. उस्तादांनी टूल घासताना पाठ केली होती. पीडरसन यांनी टूल घासून दारात ठेवले, आणि नेणाऱ्याने धार सुधारून दिली तर तीही घेतली.

तरीही नक्षी आखण्याचे गुपित उघडावयाचे राहिलेच होते. ते ज्यांच्या हातून उघडले त्यांपैकी एका व्यक्तीची हकिगत आपण लक्ष देऊन ऐकावी. लिन कॉनवे यांनी १९६० नंतरच्या दशकात आय.बी.एम. कंपनीत संगणकाच्या रचनेवर मूलगामी काम केले होते. संगणकाने अनेक हुकूम एकाच वेळी कसे उरकावेत याची एक रीत त्यांनी शोधली होती. जन्मापासून पुरुष म्हणून वाढविल्या गेलेल्या कॉनवे यांनी, आपण स्त्री आहोत आणि स्त्री म्हणूनच जगणार, असे ठरविले. तेव्हा १९६८ साली कंपनीने त्यांना कामावरून काढून टाकले. नवे नाव घेऊन, जुन्या कामाचा दाखला न दाखविता, साध्या प्रोग्रामरच्या कामापासून त्यांना पुन्हा आरंभ करावा लागला. कामगाराला नोकरीवरून काढतात तेव्हा पगार जातोच, पण त्याचे आजवरचे कामही त्याच्या नावावरून पुसले जाते. आम्ही कामावरून काढलेल्यांचे पुष्कळ खटले लढविले आहेत, म्हणून हे दुसरे नुकसान किती मोठे असते ते आम्हांस ठाऊक आहे. आय.बी.एम.ने त्यांची जाहीर क्षमा मागितली ती २०२० साली, म्हणजे ५२ वर्षांनी. २०२४ च्या जून महिन्यात कॉनवे निवर्तल्या.

अशा या कॉनवे १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात आल्या. तेथून काही शे मैलांवर पॅसाडिना येथे, कॅलटेक या संस्थेत, कार्व्हर मीड हे प्राध्यापक विद्यार्थ्यांकडून चिपचे आराखडे करवून घेत होते. दोघांनी मिळून एक गोष्ट केली. कंपन्यांच्या जाडजूड नियमपुस्तकांतले सार काढून त्यांनी थोडे सोपे नियम बसविले. एक मूळ माप धरावयाचे, त्याला नाव दिले लँबडा. पट्टीची रुंदी किमान इतके लँबडा, दोन पट्ट्यांतले अंतर किमान तितके लँबडा, असे सारे नियम त्या एका मापात. आपल्याकडचे मूर्तिकार ताल या मापाने मूर्ती मोजतात. चेहऱ्याची लांबी एक ताल, मग सबंध मूर्ती नऊ ताल; मूर्ती हातभर असो की पुरुषभर, प्रमाण तेच. तसेच हे. छपाई उद्या अधिक बारीक होऊ लागली तर लँबडा लहान करावयाचा, नक्षी तीच राहते. या नियमांमुळे छपाईचे सारे मर्म न जाणणाऱ्या विद्यार्थ्यालाही नक्षी आखता येऊ लागली.

१९७८ च्या शरदात कॉनवे अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, एम.आय.टी. या संस्थेत, हा विषय शिकवावयास गेल्या. सत्राच्या पहिल्या भागात शिकावयाचे आणि दुसऱ्या भागात प्रत्येकाने आपापली चिप आखावयाची, असा बेत. सत्र संपता संपता विद्यार्थ्यांचे आराखडे संगणकजाळ्यावरून पालो आल्टोला गेले, ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या कार्यशाळेत चिपा छापल्या गेल्या आणि जानेवारी १९७९ मध्ये त्या विद्यार्थ्यांच्या हातात पडल्या. आजवर जी गोष्ट नोकरीत मुरलेल्या अभियंत्यांची समजली जात होती ती एका सत्रात विद्यार्थ्यांनी केली.

हे परवडले कसे? छापखान्यात एका मोठ्या तावावर चार घरच्या लग्नपत्रिका शेजारी शेजारी छापतात आणि मग कापून ज्याच्या त्याला देतात. खर्च चौघांत वाटला जातो. तीच युक्ती येथे केली. एका वेफरवर अनेक विद्यार्थ्यांच्या चिपा बसविल्या. १९७९ च्या शरदात हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. बारा ठिकाणांहून ८२ आराखडे आले आणि सुमारे महिन्याभरात चिपा होऊन परत गेल्या. मीड आणि कॉनवे यांचे पाठ्यपुस्तक १९८० सालचे. १९८१ पासून ही छपाईची व्यवस्था मोसिस या नावाने कायमची झाली. तिचा खर्च अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने उचलला, हेही सांगितले पाहिजे. दार उघडणाऱ्यांचे हेतू सर्वच काही निर्मळ नसतात. पण दार उघडले हे खरे. काही वर्षांत शंभरावर विद्यापीठांत हा विषय शिकविला जाऊ लागला.

दार उघडल्यावर आत शिरणाऱ्यांनी काय केले, त्याचे एकच उदाहरण देतो. बर्कलीलाच १९८० मध्ये डेव्हिड पॅटरसन आणि कार्लो सेकिन या प्राध्यापकांनी पदव्युत्तर वर्गांची एक मालिका सुरू केली. संगणकाच्या मेंदूला मोजके आणि सोपे हुकूम शिकवावेत म्हणजे तो अधिक वेगाने चालेल, हा विचार तपासावयाचा होता. त्या रीतीला पुढे 'रिस्क' हे नाव पडले. एका वर्गाने रचना ठरवावी, दुसऱ्याने नक्षी आखावी, तिसऱ्याने तपासावे, असे काम पुढे सरकत गेले. १९८२ साली पहिली चिप हाती आली. तिच्यावर सुमारे ४४ हजार ट्रान्झिस्टर होते, आणि ती चालली; परंतु हिशेबाप्रमाणे जितक्या वेगाने चालावयास हवी होती तितक्या वेगाने चालली नाही. गटाने ते लपविले नाही, चिप मंद असल्याचे लिहून प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी कातेवेनिस आणि शेरबर्न या दोन विद्यार्थ्यांनी आखलेली दुसरी चिप आली आणि ती सरस निघाली. या कामातून निघालेले विचार पुढे सन कंपनीच्या संगणकांत गेले. पॅटरसन यांना त्यांचे सहप्रवासी, स्टॅनफर्डचे जॉन हेनेसी, यांच्यासह २०१७ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. आम्हांस त्या पारितोषिकाहून पहिल्या मंद चिपेची कथा अधिक मोलाची वाटते. जेथे फसलेले काम टेबलावर मांडून त्याभोवती सगळे बसतात, तेथेच उमेदवार शिकतो.

येथवर ही कथा गोड वाटली असेल. पण कामगार चळवळीतल्या माणसाने तिची दुसरी बाजू न सांगता खाली बसणे बरे नव्हे.

पहिली गोष्ट अशी की, नक्षी आखणाऱ्यांचा इतिहास लिहिला जातो, छपाई आणि जोडकाम करणाऱ्यांचा फारसा लिहिला जात नाही. ज्या फेअरचाइल्डचे नाव आपण मघाशी घेतले, तिने १९६५ मध्ये न्यू मेक्सिकोत शिपरॉक येथे, नॅव्हाहो या आदिवासींच्या भूमीवर, कारखाना काढला. एके काळी तेथे हजारावर कामगार होते आणि त्यांत बहुसंख्य नॅव्हाहो स्त्रिया. कंपनीने आपल्या एका पुस्तिकेत त्यांच्या गालिच्याच्या विणकामाशी चिपेच्या नक्षीची तुलना करून मोठे कौतुक केले. १९७५ साली कामगारकपातीनंतर आदिवासी कार्यकर्त्यांनी कारखान्याचा ताबा घेतला, आणि कंपनीने तो कायमचा बंद केला. कौतुक पुस्तिकेत राहिले, बायका घरी बसल्या. संशोधन-गटातल्या उमेदवाराने आपली नक्षी ज्या हातांतून साकार होते त्या हातांची आठवण ठेवावी, एवढ्यासाठी हे सांगितले.

दुसरी गोष्ट थेट त्या बापाच्या प्रश्नाची. शाळा की कारखाना? हा प्रश्न आपल्या सभासदालाच पडला असे आम्हांस वाटत होते, पण तो खुद्द कॅलिफोर्नियातही पडला होता. तेथल्या विद्यापीठाच्या संशोधन-गटांत काम करणारे विद्यार्थी, 'आम्ही शिकतो हे खरे, पण आम्ही राबतोही,' असे म्हणू लागले, आणि २०२१ च्या अखेरीस विद्यापीठाला त्यांची युनियन मान्य करावी लागली. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी बर्कलीसह त्या विद्यापीठाच्या सर्व शाखांतले मिळून सुमारे ४८ हजार शिक्षणकामगार संपावर गेले. त्यांत असे संशोधक विद्यार्थी होते, वर्ग घेणारे सहायकही होते. डिसेंबरात करार होऊन वेतन वाढले. आपल्याकडेही संशोधक विद्यार्थी वृत्तीच्या वाढीसाठी रस्त्यावर आले होते. २०१९ साली कनिष्ठ संशोधनवृत्ती दरमहा २५ हजारांवरून ३१ हजार झाली, आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७ हजार. कोणतीही गोष्ट मागितल्यावाचून मिळत नाही, हे विद्वानांच्या बाबतीतही खरेच म्हणावयाचे.

मग या साऱ्याचा आपल्या गावाशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे. बर्कलीला २०१० साली क्रस्ते असानोविच आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचे काम म्हणून एक नवी हुकूममाला आखावयास घेतली. रिस्क घराण्यातली ती पाचवी, म्हणून तिचे नाव रिस्क-फाइव्ह. तीही सर्वांना खुली ठेवली. तिच्या आधारावर चेन्नईच्या आय.आय.टी.त कामकोटी यांच्या गटाने 'शक्ती' नावाच्या चिपा आखल्या, आणि २०१८ साली त्यांपैकी एक चंडीगडजवळ मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत छापून निघाली. आमच्या मुंबईत पवईच्या आय.आय.टी.त २००६ पासून बंगळूरच्या विज्ञान संस्थेबरोबर सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र उभे राहिले, आणि बाहेरच्या महाविद्यालयांतील संशोधकांनाही तेथली साधने वापरू देण्याची योजना निघाली. पवईतच 'ई-सिम' नावाचा मंडल तपासण्याचा प्रोग्राम तयार झाला. तो कोणालाही फुकट मिळतो. त्याच्या पोटात हिशेब करणारा जो भाग आहे तो बर्कलीच्या स्पाइसचाच वंशज. म्हणजे पीडरसन यांनी धरलेल्या त्या अटीचे फळ आज आपल्या तालुक्याच्या तंत्रनिकेतनातल्या पोरालाही विनामूल्य घेता येते. त्या अटीचा लाभ आपल्यापर्यंत पोहोचला, हे ऋण आपण मानले पाहिजे.

आठ महिन्यांनी आम्ही त्या सभासदांना जे उत्तर दिले ते असे. ती शाळाही नव्हे आणि कारखानाही नव्हे. ती उमेदवारी आहे. उमेदवार राबतो आणि शिकतो. यांपैकी एकच गोष्ट होत असेल तर ती उमेदवारी खोटी समजावी. तेव्हा मुलीने गटात जाण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. केलेल्या कामावर तिचे नाव पडते का? वृत्ती वेळेवर मिळते का? गटातून पूर्वी बाहेर पडलेली मुले आज कोठे आहेत, आणि जाताना शिकलेले बरोबर नेऊ देतात का? आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: फसलेली चिप दाखवितात का? ज्या गटात केवळ यशस्वी चिपा कपाटात मांडलेल्या असतील तेथे उस्ताद पाठ करून उभे आहेत असे समजावे. सभासदांनी हे चारही प्रश्न कागदावर लिहून घेतले. मुलगी हसेल की काय, अशी शंका मात्र त्यांच्या चेहऱ्यावर होती.

मुलगी हसली नाही. तिने ते प्रश्न गटातल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारले आणि मग दाखल झाली. पहिले सहा महिने तिला स्वतःचे असे काही आखावयास मिळाले नाही. दुसऱ्याने आखलेल्या चिपेतल्या चुका शोधणे, एवढेच काम. बाप थोडे खट्टू झाले होते. परवा ते पुन्हा कचेरीत आले आणि म्हणाले, "भाऊ, त्यांच्याकडे एक वही असते. ज्याची चूक त्यानंच आपल्या हातानं लिहायची. नवीन आलेल्यानं आधी ती सगळी वही वाचायची म्हणे. गेल्या आठवड्यात आमच्या पोरीनं तिच्यात पहिल्यांदा लिहिलं."

पोरीच्या चुकीची बातमी सांगताना त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो पाहून आम्हांस आमचे उस्ताद आठवले. त्यांना कोणी अशी वही दिली असती आणि पोटाची भीती घेतली असती, तर त्यांनीही ती भरून ठेवली असती, याविषयी आम्हांस शंका नाही.